बुधवारचा उपवास

बुधवार होता, संध्याकाळचे साडेसहा. आमच्या दहावीच्या मैत्रिणींची महिन्याची भेट, सांगलीतल्या एका एसी हॉटेलात. वेटरनं आल्या आल्या विचारलं, ‘‘पाणी साधं की बाटलीचं?’’ नऊजणींतल्या सात ‘बाटलीचं’ म्हणाल्या आणि मेनूकार्डं फिरू लागली. माझ्या शेजारणीनं कार्ड उघडलं, उजवीकडचा आकड्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, कार्ड मिटलं आणि म्हणाली, ‘‘मला काही नको गं, आज माझा उपवास आहे.’’

त्या दिवशी ना चतुर्थी होती, ना एकादशी. ती पोळ्या लाटून देण्याचं काम करते, दोन-तीन घरांचे डबेही करते. मला तिथंच कळायला हवं होतं, पण कळलं बिल आल्यावर. 4,860 रुपये. आमच्यातल्या एकीनं मोबाइलवर भागाकार केला, 540 प्रत्येकी. कोणीतरी म्हणालं, ‘‘अगं, तिनं काहीच घेतलं नाही, तिला सोडा की.’’ तर ही म्हणाली, ‘‘असं कसं? मी पण आलेच की.’’ तिनं पर्समधून पाचशेची एक आणि दहाच्या चार नोटा काढून टेबलावर ठेवल्या. दहाच्या नोटा घडी घातलेल्या होत्या, त्या तिनं आधी सरळ केल्या.

त्यानंतरच्या दोन भेटींना ती आली नाही. एकदा पाहुणे आले होते, एकदा अंग दुखत होतं. मग एका दुपारी ग्रुपवर ‘लेफ्ट’ एवढीच ओळ दिसली. कोणी काही विचारलं नाही. तिच्या आधी अशाच दोघी गेल्या होत्या, त्यांच्याही बाबतीत विचारलं नव्हतं.

आमच्या भेटींचा हिशेब माझ्याकडे असतो. जुनी शंभर पानी वही आहे. परवा ती उघडून बसले. सुरुवातीची तीन-चार वर्षं आम्ही विश्रामबागेतल्या एका भेळेच्या गाडीपाशी भेटायचो. पहिल्या पानावर सतरा नावं आहेत. पुढं पंधरा, अठरा, चौदा. लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद पडलं. नंतर पुन्हा सुरू केलं तेव्हा ‘आता वय झालं, उभं राहवत नाही’ म्हणून हॉटेल ठरलं, आणि आकडा अकरा, नऊ, नऊ, आठ असा उतरत गेला. वय सगळ्यांचंच झालं होतं. पण न येणाऱ्यांची नावं वाचली तर त्यात गुडघेदुखीवाली एकही नाही. एक शिवणकाम करते. एकीच्या नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेलीय. आणि एक ही, पोळ्यावाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की गावातल्या कुठल्याही भेटीगाठीला कोण येणार हे आमंत्रणावरून ठरत नाही. ते तिथल्या सगळ्यात स्वस्त पदार्थाच्या किमतीवरून ठरतं. आणि तो स्वस्त पदार्थ गावात कुठं मिळू द्यायचा, कुठून उठवायचा, हे नगरपालिका-महापालिका ठरवतात. म्हणजे मी खासगी वाटणारं रडगाणं गात असले तरी हा प्रश्न सार्वजनिक आहे. हातगाडी रस्त्यावर असावी की नाही याची चर्चा आपण नेहमी वाहतूक आणि स्वच्छता या दोन शब्दांत उरकतो. ती गाडी उठली की तिच्याभोवती जमणारी माणसं कुठं जातात, हे कोणी मोजत नाही.

गाडीवर नेमकं काय व्हायचं ते सांगते. तिथले मामा आम्ही लांबून दिसलो की आधी कांदा चिरायला घ्यायचे. स्टीलचं खोल पातेलं, त्यात जाडे चुरमुरे, शेव, फरसाण, कांदा, टोमॅटो, चैत्रात कैरी. मग चिंच-गुळाचं पाणी आणि ठेचा. उलथन्यानं पातेल्याच्या कडेला टक-टक करत ते अशा वेगानं कालवायचे की चुरमुरा मऊ पडायच्या आत भेळ हातात यायची. वर मूठभर भडंग, लसूण आणि शेंगदाण्यासकट. सांगलीत भडंग वरून टाकल्याशिवाय भेळ पुरी होत नाही, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ‘‘अक्का, तिखट बेतानं का?’’ हे ते प्रत्येकीला विचारायचे आणि पुढच्या महिन्यात न विचारता बरोबर तसंच द्यायचे. खायला पुठ्ठ्याचा तुकडा, चमचा म्हणून.

आता हिशेब बघा. भेळ तीस रुपये. ज्या दिवशी तेवढेही खर्चायचे नसतील त्या दिवशी दहा रुपयांचा खारा शेंगदाणा. तोही नको असेल तर शेजारच्या मैत्रिणीच्या कागदातले चार घास, ते तर सगळ्याच घ्यायच्या. पलीकडं रसवंती, घुंगरं वाजतायत, एक उसाचा रस दोघींत. कोणी गोटी सोडा घेतला तर बाटलीतली गोटी दाबताना होणाऱ्या आवाजावर हसायचं. टीटीएमएम, तुझं तू माझं मी. यात कोणी काही खाल्लं नाही हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही. हॉटेलात टेबल असतं, प्रत्येकीपुढं ताटली असते, आणि रिकामी ताटली सगळ्यांना दिसते. शिवाय वेटर डोक्यावर उभा. गाडीपाशी उभं राहण्याचा मोठा गुण हा की तिथं उपवास सांगावा लागत नाही.

हॉटेलांवर माझा राग नाही. भाडं, पगार, वीज, वर 5 टक्के जीएसटी, त्यांचा दर त्यांनी लावलाच पाहिजे. लग्नाच्या वाढदिवसाला मीही जाते. पण महिन्याच्या भेटीचं ठिकाण हॉटेल झालं की भेट ही परवडण्याची गोष्ट होते.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं म्हणजे, ‘मग आम्ही भरू की तिचे पैसे!’ हे मनापासून म्हटलं जातं, मीही म्हटलंय. पण दर महिन्याला कुणाच्या तरी पैशावर मिसळ खायला कोण येईल? एकदा येईल, दुसऱ्यांदा उपवास सांगेल. जिनं नको असताना 540 रुपये मोजले तिनं हे उत्तर आम्हाला टेबलावरच देऊन ठेवलं होतं.

दुसरं उत्तर, ‘घरी भेटा.’ हे मला जास्त गंभीरपणे घ्यावंसं वाटतं, कारण आपल्याकडं बायकांच्या भेटी घरीच होत आल्या. भिशी, मंगळागौर, डोहाळजेवण, संक्रांतीचं हळदीकुंकू. यातलं हळदीकुंकू घ्या. किती प्रेमानं करतो आपण. पण त्याच्या यादीतून नवरा गेलेली बाई आपोआप गळते. आमच्या बॅचमध्ये अशा चार आहेत. अलीकडं काही घरं त्यांनाही बोलावतात, चांगलं आहे, पण बोलावणं हा शब्दच बघा, कोणीतरी ठरवणार आणि कोणीतरी ठरवलं जाणार. घर म्हटलं की जात येते, भाऊबंदकी येते, सासूबाईंचा स्वभाव येतो. जिचं घर दोन खोल्यांचं आहे ती कधीच ‘माझ्याकडं या’ म्हणत नाही, आणि जिचं मोठं आहे ती सकाळपासून साबुदाणे भिजवून, फरशी पुसून, भेट सुरू व्हायच्या आत दमलेली असते. भेळेच्या गाडीला उंबरा नसतो. मामांनी कोणाचं कपाळ बघून भेळ कालवली नाही.

चारचौघांत एकत्र खाणं ही आपल्या भागात किरकोळ गोष्ट कधीच नव्हती. शेजारच्या साताऱ्यात 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायला बसवली. 1927 मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले, त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्या शाहू महाराजांनी तर कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला चहाचं हॉटेल काढायला बळ दिलं, आणि तिथं गर्दी होईना तेव्हा स्वतः गाडी थांबवून रस्त्यावर, सगळ्यांदेखत, चहा प्यायला सुरुवात केली. महाराजांना चहा राजवाड्यावर काय कमी होता? पण त्यांना नेमकं ठाऊक होतं, की चहा कुठं आणि कोणासमोर प्यायला जातो यालाच अर्थ आहे. आज त्याच रस्त्यावरच्या चहाला आपण ‘अतिक्रमण’ या एका शब्दात बसवतो, आणि एकत्र बसणं मात्र काचेच्या दाराआड, दर बघून.

भेटीगाठींनी असं काय साधतं, चकाट्याच ना, असं आमच्या घरातूनही म्हटलं जायचं. 2019 च्या ऑगस्टपर्यंत. मी सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहते. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. 2005 चा पूर बघितलेला असल्यामुळं आम्हाला वाटलं, तेव्हा आलं होतं तिथवर येईल, म्हणून सामान तेवढं वर चढवलं. पण 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा हातात दोन पिशव्या आणि सासूबाईंची औषधं होती. बारा दिवस विश्रामबागेत राहिलो ते शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या घरी. नातेवाईक होते, पण एक मिरजेत अडकलेले, एकाचं घर आमच्यासारखंच पाण्यात. या मैत्रिणीशी शाळा सुटल्यावर माझा तीस वर्षं संबंध नव्हता. गाडीपाशी भेटी सुरू झाल्या नसत्या तर तिचा नंबर माझ्याकडं असण्याचं कारणच नव्हतं, आणि असता तरी तीस वर्षांनी फोन करून ‘आम्ही पाचजण येतोय’ म्हणायची माझी हिंमत झाली नसती. ती फोनवर एवढंच म्हणाली, ‘‘मशिनी भिंतीला सरकवते, या.’’

हीच ती, जी आता हॉटेल ठरल्यापासून येत नाही. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

आता कायद्याचं. हातगाडीवाल्यांची बाजू घेतली की ‘बेकायदा गोष्टीला पाठिंबा’ असं ऐकावं लागतं, म्हणून हे सांगणं भाग आहे. पथविक्रेत्यांसाठी 2014 पासून देशात स्वतंत्र कायदा आहे. तो म्हणतो, दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, आणि ते होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कोणाला उठवू नका. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के मर्यादेपर्यंत विक्रेत्यांना जागा द्या. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे ही मर्यादा साडेबारा हजारांच्या घरात जाते. हलवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस. जागा ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. आणि सगळ्यात सुंदर तरतूद कोणाला माहीतच नसते. जिथं 50 वर्षांहून जास्त काळ असा बाजार भरत आलाय ती जागा वारसा बाजार म्हणून जाहीर करायची आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं बुरूज आणि वाडे येतात. कायद्यानं त्यात भाजीची पाटी आणि भेळेची गाडीही धरली आहे. आपल्या गावातली कुठली जागा यात बसते हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलंय?

स्वच्छतेचा मुद्दा मी झटकणार नाही. एकदा गाडीवरचंच खाऊन माझं पोट तीन दिवस बिघडलं होतं. ठेच्याचा दोष नव्हता, पाण्याचा होता. बादलीतल्या एकाच पाण्यात संध्याकाळभर हात आणि ताटल्या बुचकळल्या की दुसरं काय होणार. पण या रोगाला औषध नळ आहे. दहा गाड्यांमागं एक नळ, एक सांडपाण्याची वाट, एक झाकणाची कचरापेटी, यावर होणारा खर्च चौकाच्या एका सुशोभीकरणापुढं काहीच नाही. वर्तमानपत्राचा कागद खाण्याच्या वस्तूंना वापरायला 2018 च्या नियमांनी बंदी आहे, ती योग्यच आहे, शाई पोटात जाते. आमच्या मामांनी कागदाऐवजी सुपारीच्या पानाचे द्रोण आणले तेव्हा भेळ दोन रुपयांनी वाढली आणि एकीनंही कुरकुर केली नाही. गाडीवाल्याला नियम सांगितला आणि पाळायला सवड दिली तर तो पाळतो. लॉकडाऊननंतर केंद्राच्या योजनेतलं 10,000 चं कर्ज घेऊन त्यांनी गाडी पुन्हा उभी केली आणि हप्ते वेळेवर फेडले, हे ते मोठ्या तोऱ्यात सांगतात.

वाहतुकीचं म्हणाल तर काही ठिकाणी गाड्या हलवाव्याच लागतील. मारुती चौकाकडच्या जुन्या पेठांत रस्ते एवढे चिंचोळे आहेत की तिथं रुग्णवाहिका अडली तर मी गाडीवाल्याची बाजू घेणार नाही. माझा आक्षेप हलवण्याला नाही, कुठं हलवता याला आहे. गावाबाहेर पेव्हर ब्लॉक घालून ‘खाऊ गल्ली’ बांधायची, उद्घाटन करायचं, आणि तिथं संध्याकाळी फक्त चारचाकीवाल्यांनी पोचायचं, असले नमुने बऱ्याच गावांत बघायला मिळतात. चालत जाता येत नाही ती जागा आमच्या पोळ्यावालीसाठी हॉटेलाइतकीच लांब. साताऱ्यात राजवाड्यासमोर गांधी मैदानाच्या कडेला संध्याकाळी गाड्या लागतात ते बघा. पेठेतून चालत येणारी बाई, कॉलेजची पोरं, मंगळवार तळ्याकडून नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे तिथं पोचतात, कारण जागा गावाच्या पोटात आहे.

दुकानदारांची तक्रार मला सगळ्यांत रास्त वाटते. आम्ही भाडं भरतो, कर भरतो, हा समोर फुकट उभा. बरोबर आहे. गाडीवाल्याकडून रीतसर शुल्क घ्या, पावती द्या, आणि पावती दिली की त्याला उद्या त्याच जागी उभं राहण्याचा हक्क द्या. पावतीशिवाय उभं राहणं कुठल्याच गावात पूर्ण फुकट नसतं, हे दुकानदारांनाही माहीत आहे.

मला जास्त बोलायचंय ते एका वेगळ्याच गोष्टीवर, कारण ती कुठल्याच बैठकीत निघत नाही. पुरुषांना कट्टा आहे. पानटपरी आहे, घाटाच्या पायऱ्या आहेत, बंद दुकानाची फळी आहे, गाडी स्टँडवर लावून तिच्यावरच दोन तास काढता येतात. पन्नाशीची बाई अशी दोन तास बसलेली तुम्ही कधी बघितलीत? देवळात बसू शकते, कारण तिथं काम असल्यासारखं दिसतं. बागेत चालू शकते, बसली की ‘कोणाची वाट बघताय का’ असं विचारलं जातं. गाडीपाशी आम्ही उभ्या राहू शकायचो ते हातात भेळ होती म्हणून. तो द्रोण आमचा परवाना होता. पण उभं तरी किती राहणार? आणि तासाभरानं लघवीला कुठं जाणार? आमच्यातल्या दोघी भेटीच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नसत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ‘आता उभं राहवत नाही’ म्हणून आम्ही हॉटेलात गेलो असं मी वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. आम्ही हॉटेलात गेलो ते खुर्ची आणि संडास यांच्यासाठी. त्या दोन गोष्टींची किंमत माणशी 540 रुपये पडली. त्या गाड्यांजवळ चार बाकं, एक दिवा आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह असतं, तर वहीतला आकडा सतरावरून आठवर आला नसता.

म्हणून हातगाडी समित्यांत बसणाऱ्यांना माझी विनंती फार छोटी आहे. जागा आखताना गाडीचा चौकोन आखता, तसाच तिच्यापुढं उभं राहणाऱ्यांचाही आखा. आणि गेट-टुगेदर भरवणाऱ्या सगळ्या उत्साही मंडळींनाही, ज्यात मी आहे, एक सांगणं: ठिकाण ठरवताना ग्रुपवर ‘कुठं जायचं’ असा मतांचा खेळ लावू नका. परवडत नाही असं त्यात कोणीही मत देत नाही.

गेल्या आठवड्यात मी पोळ्यावालीकडं गेले. उपवासाचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. पुढची भेट गाडीपाशी करतोय, एवढं सांगितलं. ‘‘बघू,’’ म्हणाली. पोळी तव्यावर होती, तिनं ती उलटली आणि मग विचारलं, ‘‘मामा अजून तिथंच उभे राहतात का?’’

ग्रुपवर मी निरोप टाकलाय. दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, पैसे आपापले. सहा अंगठे आले, दोघींनी विचारलंय, बसायचं कुठं. शिवणकामवाली म्हणते, तिच्याकडं प्लास्टिकचे पाच स्टूल आहेत. माझ्याकडं एक सतरंजी आहे. रिक्षावाला स्टूल घेईल का ते विचारायचंय.